सल्ला न देण्याचं शिक्षण

मी मानसशास्त्र शिकवायचे असं सांगितलं की समोरचा माणूस दोनपैकी एक गोष्ट करतो. एक तर जरा मागे सरकून बसतो, नाहीतर पुढे सरकून विचारतो, "मग सांगा बरं, माझ्या मनात आत्ता काय चाललंय?" नांदेडला मी एकोणतीस वर्षं नोकरी केली. तेवढ्या काळात भाजीवाल्यापासून बँकेच्या चेअरमनपर्यंत सगळ्यांनी मला हे विचारलं. मी प्रत्येकाला खरं उत्तर दिलं, की मला माहीत नाही. कुणाचाच विश्वास बसला नाही. उलट बाई पोहोचलेली आहे, कळतं पण सांगत नाही, अशी माझी कीर्ती झाली.

त्यातली बारा वर्षं माझ्याकडे एम.ए.च्या समुपदेशन वर्गाची प्रात्यक्षिकं होती. म्हणजे ज्यांना पुढे लोकांची दुःखं ऐकण्याचा व्यवसाय करायचा आहे, त्यांना ऐकायला शिकवायचं. आमच्या विषयाच्या मराठी नावातच खोट आहे. समुपदेशन. म्हणजे उपदेश, आणि तोही 'सम्' लावून चांगला घोटलेला. प्रत्यक्षात पहिल्याच दिवशी आम्ही पोरांना सांगतो, उपदेश करायचा नाही. सल्ला द्यायचा नाही. "माझ्या आत्याचंही असंच झालं होतं" म्हणायचं नाही. देवाचं नाव घ्यायचं नाही. 'का' हा प्रश्न तर अजिबात विचारायचा नाही, कारण 'का' म्हटलं की आपल्याकडे माणसाला बाप, मास्तर किंवा पोलीस आठवतो.

वर्गात मुखेड, कंधार, हदगाव, उदगीर अशा भागांतली मुलं-मुली यायची. बिचारे जन्मभर सल्ले खाऊन आलेले असायचे आणि आता आपली पाळी आली, या आशेनं बसलेले असायचे. माझं बोलणं ऐकून त्यांचे चेहरे पडत.

"मग मॅडम, आपण करायचं काय?"

"ऐकायचं."

"ते तर आमची म्हैस बी करती."

वर्ग हसायचा. मीही हसायचे. म्हैस बरीच बरी, कारण ती मधेच "धीर धर" म्हणत नाही.

आमच्या विद्येत अनेक घराणी आहेत. एक म्हणतं, सगळं बालपणात दडलेलं आहे, उकरा. दुसरं म्हणतं, सवयी बदला, माणूस बदलेल. मी शिकवायचे ते मानवतावादी घराणं म्हणतं, की माणसाच्या आत वाढण्याची ओढ मुळातच असते. ओल, ऊन, माती नीट मिळाली की बी जसं आपोआप उगवतं तसं. हे उदाहरण पुस्तकात फार शोभून दिसतं. मराठवाड्यात ते दिलं की मागच्या बाकावरून हमखास आवाज येतो, "मॅडम, आपोआप काही उगवत न्हाई, आमच्याकडं सोयाबीन दुबार पेरून राहिलेत."

तर ही ओल आणि हे ऊन समोरच्याला देण्यासाठी तीन नियम. पहिला, त्याच्या जागी उभं राहून त्याचं जग बघायचं. दुसरा, तो जसा आहे तसा, कुठलीही अट न घालता स्वीकारायचा. तिसरा, हे करताना आपण स्वतः खरं राहायचं. मनात एक आणि चेहऱ्यावर दुसरं चालत नाही. पहिले दोन मी रंगवून रंगवून शिकवायचे. तिसरा सत्राच्या शेवटच्या आठवड्यात यायचा. तोवर अभ्यासक्रम संपवायची घाई लागलेली असायची, त्यामुळे खरेपणा वीस मिनिटांत उरकायचा.

दत्ता माझ्या वर्गात आला तेव्हा चौतीस वर्षांचा होता. मुखेडजवळच्या एका खेड्यातला. नऊ वर्षं तासिका तत्त्वावर ज्युनियर कॉलेजात मराठी शिकवून झालं होतं, कायम व्हायची आशा संपली होती. नांदेडात दोन खोल्यांत बायको संगीता, आई आणि तो राहायचे. संगीता ब्लाउज शिवायची, साड्यांना पिको-फॉल करायची आणि घर चालवायची.

आमच्याकडे तिघातिघांचे गट करून सराव चालतो. एकानं स्वतःची खरी अडचण सांगायची, दुसऱ्यानं ऐकायची, तिसऱ्यानं दोघांना बघायचं. सगळं फोनवर ध्वनिमुद्रित करायचं आणि घरी जाऊन शब्द न् शब्द उतरवून काढायचा, 'हं' आणि 'अं' सुद्धा. दत्ताच्या जोडीदारानं पहिल्या दिवशी सांगितलं, "माझं घरी भावाशी पटत नाही." पुढच्या मिनिटभरात दत्तानं त्याला तीन सल्ले, एक म्हण आणि परभणीच्या एका वकिलाचा नंबर दिला. मी ते मुद्रण वर्गात ऐकवलं. सगळे हसले. दत्ता हसला नाही. त्यानं ते घरी नेलं, उतरवून काढलं आणि दुसऱ्या दिवशी मला विचारलं, "मॅडम, हा माणूस मधी बोलतच नव्हता, माझं एकट्याचंच चाललं होतं. मी आयुष्यभर असंच बोलून राहिलो का?"

अशी लाज वाटणारा विद्यार्थी शिक्षकाला दहा वर्षांत एकदा मिळतो. तीन-चार महिन्यांत दत्ता पार बदलला. खुर्च्या समोरासमोर न ठेवता जरा तिरप्या ठेवायच्या, म्हणजे माणसाला नजर चुकवायला जागा राहते. घड्याळ आपल्याला दिसेल पण आपण बघतोय हे त्याला दिसणार नाही असं ठेवायचं. रडणाऱ्याच्या हातात झटकन रुमाल द्यायचा नाही, कारण त्याचा अर्थ 'पुरे आता' असा होतो. हे सगळं त्यानं आत्मसात केलं. समोरचा बोलला की त्यातली भावना नेमकी उचलून हळू आवाजात त्याच्यापुढे ठेवायची, या आमच्या मुख्य कसबात तर तो इतका तयार झाला, की त्याची मुद्रणं मी खालच्या, बी.ए.च्या वर्गाला नमुना म्हणून ऐकवू लागले. ऐकवताना माझी मान जरा ताठ व्हायची.

आणि एके दिवशी दुपारी संगीता विभागात आली. मी तिला त्याआधी पाहिलं नव्हतं. खांद्याला टेप तसाच लटकत होता, मशीनवरून उठून थेट आलेली.

"ह्यांना काय शिकवलंत तुम्ही, मॅडम?"

मी बसायला सांगितलं. ती बसली, पण खुर्चीच्या काठावर.

"परवा मी म्हन्ले, गॅस संपला. तर हे शांत माझ्याकडं बघून म्हणतात, 'गॅस संपला म्हणून तुला हताश वाटून राहिलं.' मी म्हन्ले, हताश न्हाई वाटत, सिलिंडर आणा! तर म्हणतात, 'तुला वाटतं की ते मी आणावं.' सासूबाई म्हणून राहिल्या, ल्योकाला कुणी काही खाऊ घातलं."

हसू दाबण्याचं प्रशिक्षण आमच्याकडे अधिकृतपणे नसलं तरी अनुभवानं येतं. मी चेहरा गंभीर ठेवला आणि व्यवसायाच्या सवयीनं म्हटलं, "म्हणजे तुम्हाला घरात एकटं पडल्यासारखं वाटतंय."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "आता कळलं हे कुठून आलं ते."

मग मात्र ती मनापासून बोलली. "पहिले आम्ही भांडायचो, मॅडम. हे ओरडायचे, मी ओरडायचे, मग च्या व्हायचा. आता मी एकटीच भांडते, भिताडाशी भांडल्यावानी. ह्यांना राग येतो की, मला दिसतो, मानेवरची शीर उडती. पण तोंडानं म्हणतात, 'तुझा राग मला समजतो.' मग ह्यांचा राग कुठं गेला? मनात ठिवून तोंडानं गोड बोलायचं, ह्याला आमच्याकडं लबाडी म्हणतात. तुमच्याकडं काय म्हणतात?"

आमच्याकडे त्याला नमुना म्हणत होते आणि खालच्या वर्गाला ऐकवत होते. एकही पुस्तक न वाचता त्या बाईनं तिसरा नियम माझ्या टेबलावर आणून ठेवला होता. मी तो ओळखलाही. पण दुसऱ्या दिवशी दत्ताला बोलावून मी एवढंच सांगितलं, "दत्ता, ही पद्धत घरी वापरायची नसते." त्यानं ते वहीत लिहून घेतलं. खरं तर सांगायला हवं होतं, की तुम्ही ही पद्धत जिथे वापरता तिथेही स्वतःसकट जा. ते मी सांगितलं नाही, कारण आहे त्या दत्ताची मुद्रणं फार सुरेख येत होती.

दुसऱ्या वर्षी विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष कामावर पाठवतात. दत्ताला मी लातूरला एका खाजगी शिकवणीच्या वसतिगृहात दिलं. तिथे राज्यभरातून मुलं-मुली डॉक्टर व्हायला येतात, म्हणजे डॉक्टरकीची प्रवेश परीक्षा द्यायला. शिकवणीचे मालक, ज्यांना सगळे नुसतं 'सर' म्हणत, माझ्याशी करार करताना म्हणाले, "मॅडम, काही नाही, पोरं डाउन होतात. तुमचा माणूस पाठवा, दहा-दहा मिनिटांत चार्ज करून द्या." मी त्यांना आमची पद्धत समजावली. त्यांनी मान डोलावली. त्यांना माझं बोलणं जितकं कळलं, तितकंच मला त्यांचं कळलं होतं. पण आम्हाला जागा हवी होती आणि त्यांना माहितीपत्रकात 'समुपदेशन सुविधा' असं छापायचं होतं.

जागा म्हणजे जुन्या प्रश्नपत्रिकांची खोली. छतापर्यंत गठ्ठे आणि मधे दोन प्लास्टिकच्या खुर्च्या. दत्ता दर शनिवारी सकाळच्या एसटीनं लातूरला जायचा, खुर्च्या तिरप्या करून बसायचा आणि सोमवारी माझ्यासमोर सगळा वृत्तान्त मांडायचा. याला आम्ही पर्यवेक्षण म्हणतो. शिकाऊ माणूस एकटा पडू नये, कठीण वेळी त्याच्या मागे अनुभवी माणूस असावा, म्हणून ही व्यवस्था.

तिथे त्याच्याकडे वैष्णवी आली. आली म्हणजे वसतिगृहाच्या रेक्टरबाईंनी पाठवली. धर्माबादची, एकोणीस वर्षांची. वडलांचं आडत दुकान. परीक्षेची ही तिसरी खेप, आणि गुण वाढायच्या ऐवजी उतरत होते. पहिले तीन शनिवार ती "काही नाही" याच्यापलीकडे बोलली नाही. दत्तानं घाई केली नाही. एकदा सव्वीस मिनिटं दोघं गप्प बसून होते. सरांनी मला फोन करून तक्रार केली, "तुमचा माणूस बोलतच नाही हो!" मला त्या तक्रारीचा फार अभिमान वाटला.

चौथ्या शनिवारी ती बोलली.

"सर, मी पेपर सोडवतच नाही. उत्तरपत्रिकेवर ते गोल असतात ना काळे करायचे, त्यांची नक्षी काढते. मागच्या टेस्टला मोर काढला. त्याला छप्पन्न मार्क पडले."

दत्ताला हसू फुटलं. मग तीही हसली. दत्ताच्या टिपणात प्रामाणिकपणे लिहिलेलं होतं, 'येथे प्रशिक्षणार्थी हसला.' मी त्याच्याखाली लाल शाईनं लिहिलं, 'टाळावे.'

पाचव्या शनिवारी तिनं विचारलं, "सर, मी घरी जाऊ का?"

शिकवल्याप्रमाणे दत्तानं प्रश्न परत केला, "तुला काय वाटतं?"

ती म्हणाली, "मला काही वाटत असतं तर तुम्हाला कशाला विचारलं असतं?" आणि उरलेला वेळ गप्प बसली.

सोमवारी दत्ता अस्वस्थ होता. "मॅडम, मला वाटून राहिलं होतं, हाव म्हणावं. जा म्हणावं."

"वाटणं आपलं असतं, दत्ता. निर्णय तिचा." हे वाक्य मला इतकं आवडलं, की पुढच्या तासाला मी ते फळ्यावर लिहिलं.

सहाव्या शनिवारी आमच्या कॉलेजात तपासणी समिती आलेली होती. मला विभागाचं सादरीकरण करायचं होतं. विषय मीच निवडलेला होता: 'ऐकणारं महाविद्यालय.' फोन आवाज बंद करून पर्समध्ये, पर्स विभागाच्या कपाटात. साडेअकरा ते सव्वा दरम्यान, मी पडद्यावर चित्रं दाखवत ऐकण्याचं महत्त्व सांगत असताना, त्या कपाटात दत्ताचे सात फोन वाजले. वाजले म्हणणंही बरोबर नाही, थरथरले.

तिकडे काय झालं ते नंतर कळलं. वैष्णवी त्या दिवशी आली ती सरळच म्हणाली, "सर, सगळं थांबावं असं वाटतं." दत्तानं तिला स्पष्ट विचारलं, "मरावंसं वाटतं का?" लोकांना हे ऐकून दचकायला होतं, पण आम्ही तसंच विचारायला शिकवतो. विचारल्यानं कुणाच्या डोक्यात नवं काही शिरत नाही. असलं तर बोलता येतं, आणि बोलता आलं की भार हलका होतो. ती म्हणाली, "रोज नाही. पण या आठवड्यात रोज."

अशा वेळी गुप्ततेचा नियम संपतो. पर्यवेक्षकाला कळवायचं, घरच्यांना कळवायचं, माणसाला एकटं सोडायचं नाही. दत्तानं रेक्टरबाईंना खोलीत बोलावून घेतलं, मला फोन लावत राहिला, आणि सातव्यांदा फोन ठेवल्यावर त्या मुलीला म्हणाला, "आमच्या मॅडम उचलून न्हाई राहिल्या. मला भ्या वाटून राहिलं, पोरी. आता मी तुझ्या वडलाला फोन लावतो, तुझ्यासमोरच लावतो."

"ओरडतील."

"ओरडू दे. मी उठत न्हाई इथून."

"आणि मी घरी जाऊ का?"

"हाव. जा. आजच जा."

धर्माबादहून वडील जीप करून यायला संध्याकाळ झाली. तोवर दत्ता आणि रेक्टरबाई त्या गठ्ठ्यांच्या खोलीत तिच्याजवळ बसून राहिले. तिघांनी मिळून पोहे खाल्ले. वडील आले ते दत्तावरच धावून गेले, की माझ्या पोरीच्या डोक्यात हे कुणी भरलं. शिकवणीचे सर मधे पडले, परीक्षा तीन महिन्यांवर आहे, दोन दिवस विश्रांती घेऊन बसू द्या म्हणाले. दत्ता हात जोडून पण अडून उभा राहिला. "साहेब, हिला आज घरी न्या. सोमवारी नांदेडला मनाच्या डॉक्टरला दाखवा. परीक्षा दरसाल येती." वडलांनी मुलीकडे पाहिलं. तिनं फक्त होकारार्थी मान हलवली. बॅग गाडीत गेली.

मी साडेचार वाजता पर्स उघडली. समिती खूश होऊन चहा पीत होती. मी दत्ताला फोन लावला. "काही न्हाई मॅडम, झालं," तो म्हणाला. "वडील निघालेत धर्माबादवरून." त्यावर माझं पहिलं वाक्य होतं, "दत्ता, माझ्याशी बोलल्याशिवाय तुम्ही पालकांना फोन कसा केलात?"

ते वाक्य मी नंतर पुष्कळदा उतरवून काढलं आहे, शब्द न् शब्द.

पुढच्या आठवड्यात शिकवणीकडून प्राचार्यांना पत्र आलं. तुमच्या विद्यार्थ्यानं आमच्या मुलीला आणि पालकांना घाबरवलं, करार रद्द. प्राचार्य भले गृहस्थ होते. त्यांना फक्त वाद नको असायचे. "मॅडम, समिती आत्ताच गेलीय. अहवाल यायचाय. तुम्ही एक खुलासा द्या आणि संपवा."

मी खुलासा दिला. 'सदर प्रशिक्षणार्थ्याने पर्यवेक्षकाशी विचारविनिमय न करता पालकांशी परस्पर संपर्क साधला व विद्यार्थिनीस थेट सल्ला दिला.' या वाक्यात एकही शब्द खोटा नव्हता. सात फोन मात्र त्यात नव्हते. त्या खुलाशावर दत्ताचं लातूरचं क्षेत्रकार्य रद्द झालं, म्हणजे वर्ष गेलं.

तो माझ्या खोलीत आला तो बसला नाही. टेबलाला धरून उभा राहिला. मानेवरची शीर खरंच उडत होती.

"मॅडम, सल्ला दिला हे खरं हाय. नियम मोडला, ते मी कबूल करतो. पण सात बार फोन लावला, ते का न्हाई लिहिलं?"

मी इतक्या वर्षांच्या सरावानं शांत आवाजात म्हटलं, "तुम्हाला राग आलाय, दत्ता."

"हाव, आलाय! अन् तो मला परत देऊ नका. ठिवून घ्या तुमच्यापाशी!"

शेजारच्या खोलीतला टाइप करण्याचा आवाज थांबला. माझ्या वर्गातला सगळ्यात चांगला ऐकणारा माझ्यावर ओरडत होता, आणि 'का' विचारत होता. 'का' वर्ज्य आहे असं मी बारा वर्षं शिकवलं, कारणंही पुष्कळ दिली. खरं कारण त्या दिवशी कळलं: त्याला उत्तर द्यावं लागतं.

मी समोरची वही मिटली. मग म्हणाले, "मी घाबरले. तुमच्या त्या मुलीसाठी नाही, माझ्यासाठी. फोन न उचलणारी पर्यवेक्षक म्हणून कागदावर यायची मला भीती वाटली."

दत्ता खाली बसला. बराच वेळ आम्ही दोघं काही बोललो नाही. ते मौन मोजलं कुणीच नाही. जाताना तो म्हणाला, "घरी संगीतावर बी ओरडलो काल, ह्याच पायी. ती म्हणली, आलात का परत." आणि कसनुसं हसला.

दुसऱ्या दिवशी मी प्राचार्यांना दुसरं पत्र दिलं, सात फोनांच्या वेळांसकट. त्यांनी ते दोनदा वाचलं. "मॅडम, निवृत्तीला चौदा महिने राहिलेत. खामखा कशाला?" मी म्हटलं, लावा फाइलला. फाइलला लागलं. मला एक मेमो मिळाला, प्रात्यक्षिकांचं काम एका सहकाऱ्याकडे गेलं. दत्ताचं वर्ष मात्र परत आलं नाही. ठरलेला निर्णय फिरवायचा तर पुन्हा बैठक घ्यावी लागली असती. तो पुढच्या वर्षी पुन्हा बसला आणि पास झाला. वर्ग दुसरा. सरावातले गुण कमी पडले. परीक्षकांचा शेरा होता, 'अधूनमधून स्वतःची प्रतिक्रिया व्यक्त करतो.' दत्तानं मला तो शेरा फोनवर वाचून दाखवला, आणि आम्ही दोघंही मोठ्यानं हसलो.

पण त्याआधी, त्या घटनेनंतर दोनेक महिन्यांनी, वैष्णवीच्या वडलांचा त्याला फोन आला. या म्हणाले. दत्तानं मला विचारलं, येता का. मला जायचं नव्हतं, म्हणून गेले.

धर्माबादला उतरल्यापासून मिरचीचा ठसका. गंगाधरराव, वैष्णवीचे वडील, दुकानात मिरचीच्या पोत्यांच्या थप्पीशेजारी गादीवर बसले होते. लातूरला धावून आलेला माणूस हाच, हे सांगूनही पटलं नसतं, इतके वाळलेले. मुलीला गोळ्या चालू आहेत, जेवते, झोपते, आईशी बोलते, त्यांनी सांगितलं. "माझ्याशी बोलत न्हाई. तुम्ही बोलतं करा." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "ह्या सरांच्या मॅडम तुम्हीच ना? त्या दिवशी तुम्ही कुठं होत्या?"

मी सांगितलं. भाषण करत होते, फोन बंद होता, दत्तानं सातदा केला आणि मी एकदाही ऐकला नाही.

मला वाटलं, आता हे ओरडतील. ते पोत्याच्या शिवणीतला सुतळीचा धागा ओढत राहिले. "माझा तर चालू होता, मॅडम," ते म्हणाले. "तीन वर्षं रोज रात्री लावत होतो. किती पडले, विचारायचो अन् ठिवायचो. जेवली का, हे तिची आई विचारायची. कामाची वाटणी करून घेतल्ती आम्ही."

दत्ताकडे मी पाहिलं. तो काही बोलला नाही. मीही त्यांचं वाक्य उचलून त्यांच्यापुढे ठेवलं नाही. ते जिथे होतं तिथे नीट होतं.

घर दुकानाच्या मागेच. वैष्णवी चहा घेऊन आली. दत्ताला पाहून तिचा चेहरा उजळला, आणि लगेच जरा आक्रसला. "सर, मी अजून काहीच ठरवलं नाही."

"बरं," दत्ता म्हणाला.

"पुन्हा परीक्षेला बसेन, नाही बसेन, काहीच माहीत नाही."

गंगाधररावांचं तोंड उघडलं. आम्हा दोघांनाही माहीत होतं त्यातून काय येणार ते. त्यांनी ते मिटलं. मग बाजूची गादी हातानं झटकून, तिकडे लेकीला लाडानं म्हणतात तसं म्हणाले, "अम्मा, बस. तुझा च्या कुठं हाय?"

ती आत जाऊन स्वतःचा कप घेऊन आली आणि बसली.

ही गोष्ट मी आता कुठेकुठे सांगते, विचारलं तर. ऐकणारे सगळे शेवटी एकच विचारतात: मग पुढे ती मुलगी काय झाली? मी सांगते, ती आहे. "आहे, पण म्हणजे काय झाली?" त्यांना डिग्री ऐकायची असते, ती डॉक्टर झाली म्हटलं तर समाधान वाटेल, आणि नाही झाली म्हटलं तर कौतुक. मी पुन्हा तेवढंच सांगते, ती आहे. माझ्या सगळ्या नोकरीत याहून चांगला निकाल मी पाहिलेला नाही. आणि तो लावण्यात माझा हात होता, असं मला म्हणता येत नाही. तो दत्तानं लावला, मी शिकवलेलं थोडं वापरून आणि थोडं मोडून.